मुठीचं माप

दामू, मागच्या आठवड्यात तुझ्या तेरवीला मी भर अंगणात तुला "लबाड" म्हणालो. हळूच नाही, चांगलं खणखणीत म्हणालो, आणि वर हसत सुटलो. पंगत बसलेली. वाढणारे जागच्या जागी थांबले. तुझा गोंदियाकडचा साळा हातात वरणाचा गंज घेऊन माझ्याकडे पाहतच राहिला; मित्राच्या दुःखानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असंच त्याला वाटलं असणार. सुजातानं माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाली, "बाबा, लोक पाहून राहिले." मला काही थांबता येईना. यमुनावहिनींनी पदर तोंडाला लावला होता, आणि मला पक्कं ठाऊक आहे, त्या रडत नव्हत्या.

तू असतास तर म्हणाला असतास, "काहून हासून राहिला बे?" तेच सांगायला बसलो आहे. पण सरळ उत्तर देण्याची मला सवय नाही आणि सरळ ऐकून घेण्याची तुला नव्हती. म्हणून जरा लांबून येतो.

आंधळगावच्या शाळेत आपण सातवीपर्यंत एका तरटपट्टीवर बसलो. पुढे मी आयटीआय केलं, जवाहरनगरच्या फॅक्टरीत टर्नर झालो, क्वार्टरमध्ये राहायला गेलो. तू गावच्या बोडीवर, त्या लहानशा तळ्यावर, राहिलास. मासे, जाळं, डोंगा, आणि हात रिकामा असला की लाकूड. वल्ह्याचे दांडे, कुऱ्हाडीचे दांडे, कुदळीचे दांडे. गावात कोणाचा दांडा कोणता, हे तू नुसता हात फिरवून सांगायचास. दर रविवारी मी स्कूटर काढून तुझ्याकडे यायचो, आणि वहिनींचा चहा झाला की आपण भांडायला बसायचो.

भांडण एकच. माझ्या खिशात व्हर्निअर कॅलिपर आणि तुझ्या तोंडात "आंदाज". सहा दिवस मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागासाठी झगडणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी तू ऐकवायचास, "दोन बोटं अन् वरून जरासक."

"जरासक म्हणजे किती?"

"जरासक म्हंजे जरासक. तू आंगोळ करते तं पानी मोजून घेते का बे?"

कशाचीही थट्टा करायला तुला जागा लागायची नाही. जिल्हा फुटला, वहिनींचं माहेर पलीकडच्या जिल्ह्यात गेलं, त्या जरा हिरमुसल्या होत्या. तू त्यांना म्हणालास, "आता तुया मायरी जावाले पासपोट लागन." वहिनींनी हातातलं सूप फेकून मारलं होतं. तुला लागलं नाही, मला लागलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांची गोष्ट. सुजाता तेव्हा सातवीत होती. तिच्या शाळेत तिरंदाजी सुरू झाली. सरांकडे बांबूची दोन धनुष्यं आणि शिकणाऱ्या पोरी चौदा. हिची पाळी येईपर्यंत घंटा व्हायची. "मला माझं धनुष्य पाहिजे," एवढंच तिचं चाललेलं.

खरं सांगायचं तर दामू, ती हे आधी तुझ्याकडे बोलली, मग माझ्याकडे. मला ते लागलं होतं. शिफ्टची नोकरी, मी घरी येई तेव्हा ती झोपलेली नाहीतर शाळेत. तोवर मी तिच्यासाठी काय केलं होतं? वह्यांना कव्हरं घातली होती आणि सायकलचं पंक्चर काढलं होतं. तुझ्या अंगणात ती जितकी बडबडायची, त्याच्या चार आणेही माझ्यापुढे बोलायची नाही. तेव्हा मी मनाशी ठरवलं, धनुष्य दामू करेल, पण माप माझं असेल.

शनिवारी संध्याकाळी मी तिला समोर बसवलं. "दे हात," म्हणालो. तिनं दिला. तळव्याची रुंदी घेतली, एकेका बोटाची लांबी घेतली, मूठ मिटल्यावर आत किती पोकळी उरते तेही घेतलं. फॅक्टरीतल्या कामाला काढत नाही इतका देखणा नक्शा ग्राफच्या कागदावर काढला. धनुष्याच्या मुठीची लांबी एकशे दहा मिलिमीटर, रुंदी चौतीस, खोली तीस. तिन्ही बाजूंची चित्रं. खाली झोकात सही.

दुसऱ्या दिवशी तो कागद तुझ्यापुढे ठेवला. मी भांडणाची पूर्ण तयारी करून आलो होतो. तू कागद उलटा धरलास, सुलटा धरलास, माझ्या तोंडाकडे पाहिलंस, आणि म्हणालास, "बरं."

बस. एवढंच. जन्मात कधी तू माझ्या मापाला "बरं" म्हणाला नव्हतास. मला तिथंच कळायला हवं होतं, पण स्तुती झाली की माणूस आंधळा होतो.

जुन्या बैलबंडीची धामनाची दांडी तुझ्याकडे जपून ठेवलेली होती. वाकेल पण मोडणार नाही असं ते लाकूड. त्यातून तू धनुष्य काढलंस. तुझी रीत ठरलेली: आधी मुठीच्या वरची-खालची दोन्ही पाती तासायची, ती सारखी वाकतात का पाहायचं, दोरी चढवायची, आणि मूठ सगळ्यांत शेवटी. मी कॅलिपर लावून पाहिलं तर रुंदी बरोब्बर चौतीस. "बघ," मी म्हणालो, "माप म्हणजे माप." तू मान हलवलीस आणि बिडी पेटवलीस.

तुझ्या घरामागे तणसाच्या पेंढ्या रचून निशाण केलं होतं. सुजातानं पहिला बाण सोडला, तो डावीकडे गेला. दुसरा आणखी डावीकडे. तिसरा थेट शेजारच्या मांडवावरच्या कोहळ्यात घुसला आणि तिथंच थरथरत राहिला.

"मूठ कशी हाये वो माय?" तू तिला विचारलंस.

मग ती जी सुरू झाली! मूठ जाड आहे, घट्ट धरावी लागते, घट्ट धरली की धनुष्य हातात फिरतं, सोडली की निसटतं, अंगठा दुखतो. "आणि काका, करंगळी तर पोचतच नाही."

करंगळी. डाव्या हाताची. चार वर्षांची असताना ती जांबाच्या झाडावरून पडली होती, तेव्हापासून ते बोट पुरतं मिटत नाही. दवाखान्यात तिला मीच उचलून नेलं होतं. तू बिडी विझवलीस आणि अगदी साळसूदपणे विचारलंस, "नक्शा कोन्या हाताचा हाये, भाऊ?"

मी कागद उघडला, आणि माझे कान गरम झाले. मी नुसतं "दे हात" म्हणालो होतो. आपल्या घरातली कोणती पोरगी बापापुढे डावा हात करते? देणं-घेणं सगळं उजव्या हातानं, हे आपणच त्यांना शिकवलेलं. तिनं उजवा दिला, मी उजवा मोजला. आणि धनुष्याची मूठ धरतो तो डावा. उजवा बिचारा नुसती दोरी ओढतो. एवढ्या बारकाईनं, तिन्ही बाजूंनी, सहीनिशी मी चुकीचा हात मोजला होता.

शेजारीण कोहळा घेऊन भांडायला आली, आणि वहिनींनी तिला बसवून त्याच कोहळ्याचे बोंडे तळले. सगळ्यांनी खाल्ले. शेजारणीनं सर्वांत जास्त खाल्ले. तू मात्र त्या दिवशी मला एकदाही हसला नाहीस. आता कळतं, का ते.

पुढच्या रविवारी आलो तर भिंतीला दुसरं धनुष्य टेकलेलं.

"आठ दिवसांत?"

"लाकूड पडून होतं."

"आणि माप? पोरगी तर इकडे आलीच नाही."

"मापगिप काई नाई. आंदाज."

सुजातानं पाच बाण मारले. पाचही पेंढ्यांत. तू विचारलंस, "मूठ कशी होती वो?" तिनं आधी तुझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग "हां, बरी आहे" म्हणून बाण आणायला पळाली. तू माझ्याकडे वळून म्हणालास, "आयकलं? मूठ आठोली म्हंजे मूठ चुकली. चांगली मूठ मानूस इसरून जाते."

मी कॅलिपर काढलंच. रुंदी सव्वीस, खोली अडतीस. "एवढी अरुंद? मोडेल." तू तिच्या दप्तरातली लाकडी पट्टी काढून माझ्या हातात दिलीस. "आडवी धरून वाकव." वाकली. "आता उभी धर. वाकव आता." वाकेना. जे मला आयटीआयच्या पहिल्या वर्षात शिकवलं होतं, ते तू मला सातवीच्या पोरीच्या पट्टीवर शिकवलंस. मूठ अरुंद असली तर बाण मधल्या रेषेजवळून जातो, आणि खोल असली की मोडत नाही. मुठीकडून पात्याकडे उतार कसा हळूहळू द्यायचा, एकदम पायरी केली की तिथंच तडा जातो, हेही त्याच दिवशी सांगितलंस. मी ऐकत होतो, पण वरवर तोंड वाकडं करून.

आणि तेव्हापासून आपलं ते वीस वर्षांचं भांडण सुरू झालं. मला एकच विचारायचं होतं: नक्शा पाहिलास तेव्हाच तुला चूक दिसली होती की नाही? सुजाताच्या लग्नात विचारलं. माझ्या रिटायरमेंटच्या जेवणात विचारलं. दर वेळी तुझं उत्तर ठरलेलं: "तू नक्शा देल्ला, म्या केला. म्या का शिकलेला हाये?" आणि दुसऱ्या धनुष्याचं माप विचारलं की "आंदाज". मी हसून सोडून द्यायचो, पण खुपायचं. अख्खी नोकरी मी मापावर केली, आणि माझ्या पोरीच्या हाताचं माप मला चुकलं, तुझा अंदाज बरोबर निघाला. म्हणजे माझ्यापेक्षा तू तिला जास्त ओळखत होतास, असाच त्याचा अर्थ मी लावला होता. हे तुला कधी बोललो नाही. आज बोलतो.

ते पहिलं, चुकलेलं धनुष्य सुजातानं टाकलं नाही. क्वार्टरच्या भिंतीवर टांगलं, आणि लग्नानंतर तुमसरला घेऊन गेली. ती तिथं शाळेत खेळाची शिक्षिका झाली तरी तिच्या बैठकीत तेच टांगलेलं असतं. दुसरं, तुझं, मारून मारून झिजलं. पाहुण्यांना ती भिंतीवरचं दाखवते, "हे बाबांनी काढलेलं." मी दर वेळी खाली पाहतो. माझी चूक भिंतीवर टांगून ठेवली, असं वाटायचं मला.

मागच्या उन्हाळ्यात ती तुला म्हणाली, "काका, तुमचं धनुष्य आता हाताला लहान पडतं. आताच्या हाताचं एक करून द्या ना." तू बंडीच्या दांडीचा उरलेला तुकडा काढलास. "लास्ट हाये," म्हणालास. पाती झाली, खाचा झाल्या, दोरी चढली. मूठ तशीच चौकोनी ठेवलेली, शेवटासाठी.

आपला शेवटचा रविवार किती फालतू गेला रे दामू. यंदा बोडीचं पाणी होळीपर्यंत पुरतं की नाही, यावर आपलं तासभर वाजलं. मी चिडून उठलो आणि स्कूटरला किक मारली. "येतो" म्हणालो नाही. बुधवारी दुपारी तू जेवून खाटेवर पडलास तो उठलाच नाहीस. चांगलं मरण आलं म्हणतात सगळे, आणि आलंही. फक्त माझं "येतो" तेवढं राहून गेलं.

तेरवीच्या दिवशी मी वहिनींना बाजूला घेऊन म्हणालो, "ते धनुष्य मला द्या. मूठ मी काढतो." म्हणालो खरा, पण लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही. तुकडा शेवटचा, करणारा गेलेला, आणि मापात एकदा नापास झालेला मी. हे धनुष्य माझ्या हातून बिघडलं तर सुजाताला तुझं शेवटचं काम कधी मिळणारच नव्हतं.

वहिनींनी फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला. "त्याईच्या कानशी ह्याच्यात हायेत." कानशी काढल्या तर तळाशी फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं. उघडलं. मातीचा गोळा. बोडीची चिकण माती, चुलीत भाजून दगडासारखी झालेली. त्यावर लहान हाताच्या मुठीचा ठसा. तीन बोटांच्या खोल खाचा, आणि चौथी, करंगळीची, नुसती टेकल्यासारखी.

मी माझं बोट त्या चौथ्या खाचेवर ठेवलं. कॅलिपरची गरज नव्हती. तरी काढलं, तुला माहीत आहे मी कसा आहे. सर्वांत अरुंद जागी चोवीसच्या जरा वर. माती सुकून, भाजून आटते; तेवढी सूट धरली की सव्वीस. दुसऱ्या धनुष्याची मूठ. तुझं जरासक.

"वहिनी, हे कधीचं?"

"पोट्टी पयल्यांदा सांगाले आल्ती ना, धनुष्य पायजे म्हनून? त्याच दिशीचं. ह्याईनं मातीचा गोळा देल्ला तिच्या डाव्या हाती, म्हने जोरानं पकड. तिले वाटलं खेळ हाये. मंग रयवारी तुमी नक्शा घेऊन आले."

म्हणजे मोजलं होतंस! माझ्या आधी मोजलं होतंस! वीस वर्षं "आंदाज, आंदाज" म्हणून माझं रक्त आटवलंस, आणि डब्याच्या तळाशी माप झाकून ठेवलेलं. भांडण मी जिंकलो होतो दामू, आणि ज्याला सांगायचं तो तेरा दिवसांपूर्वी निघून गेला होता. मी तो गोळा हातात घेऊन अंगणात आलो आणि तुला ओरडून लबाड म्हणालो. कोणी काही म्हणो, तुझ्या तेरवीला तुला शोभेल असं वागलेला मी एकटाच होतो.

पंगती उठल्यावर, पत्रावळी गोळा झाल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. आता हसत नव्हत्या.

"म्या इचारलं होतं त्याईले," त्या म्हणाल्या. "मालूम हाये तं चुकीचं काहून करून राहिले? तं म्हने, बापानं पयल्यांदा पोरीसाठी काईतरी हातानं काढून आनलं. पोरीचं पयलं धनुष्य बापाचंच झालं पायजे. माहं काय, म्या आठ दिसानं देईन."

सुजाता पलीकडे वरणाचा गंज घासत होती. तिच्या बैठकीतलं ते चौतीस मिलिमीटरचं धनुष्य माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि या खेपेला मला खाली पाहावंसं वाटलं नाही. तुझं धनुष्य तिनं वापरून संपवलं, माझं तिनं भिंतीवर ठेवलं. असं होणार हे तुला त्या "बरं"च्या वेळीच कळलं होतं. मला कळायला तुला जावं लागलं.

काल रविवार होता. नेहमीच्या वेळी आलो. वहिनींनी चहा दिला, आणि सवयीनं दोन कप ठेवले. दोन्ही मीच प्यालो. बोडीच्या काठची माती आणून मळली, सुजाताला समोर बसवलं आणि म्हणालो, "डावा हात दे." तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली आणि डावा हात पुढे केला. मातीत तीन बोटं खोल रुतली, चौथी टेकली. रुंदी एकोणतीस आली. मी तीसवर थांबलो, मग तुझ्या कानशीनं हळूहळू काढत गेलो, कानशीचे दहा हात झाले की तिला धरायला देत. शेवटी कॅलिपर खाटेवर ठेवलं आणि नुसता हात फिरवला. थोडं राहिलं होतं. किती ते विचारू नकोस. जरासक.

दुपारी तिनं पेंढ्यांवर पाच बाण मारले. चार मध्यात, एक जरा वर. मी तुझ्या जागी, तुझ्या खाटेवर बसलो होतो.

"मूठ कशी आहे गं?" मी विचारलं.

ती डोळे बारीक करून पाचव्या बाणाकडे पाहत होती. "काय बाबा?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता बाण आणायला चालू लागली.

मी पुन्हा विचारलं नाही. गोळा फडक्यात गुंडाळून तुझ्या डब्यात ठेवला, शेजारी नवा ओला गोळा ठेवला, आणि स्कूटर काढली. वहिनी दारात उभ्या होत्या. खाट रिकामी होती. किक मारण्याआधी तिकडे वळून, मागच्या खेपेला राहिलेलं तेवढं म्हणालो.

येतो, दामू.